हाताने वळलेली व यंत्रनिर्मित विडी

हाताने वळलेली विडी आणि यंत्रनिर्मित विडी हे भारतातील विडीचे उत्पादनपद्धतीनुसार पडणारे दोन प्रकार आहेत. दोन्हींत उन्हात वाळवलेल्या तंबाखूचा जाडसर चुरा एका आवरणात गुंडाळून धूम्रपानासाठी लहान नळी तयार केली जाते. हातविडीत पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, टोक मुडपणे आणि दोरा बांधणे ही सर्व कामे हाताने होतात. यंत्रविडीत यांपैकी काही किंवा सर्व कामे यंत्राच्या साहाय्याने केली जातात. भारतात तयार होणाऱ्या विड्यांपैकी बहुसंख्य विड्या आजही हातानेच वळल्या जातात.

तयार मालाच्या दृष्टीने या दोन प्रकारांतील अंतर फार मोठे नाही. कर, कामगार कायदे आणि रोजगार यांच्या दृष्टीने मात्र ते महत्त्वाचे ठरले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला बेळगाव जिल्ह्यातील निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो. त्यामुळे विडी कोणत्या पद्धतीने तयार होते, या प्रश्नाशी या भागातील शेतकरी, वखारीतील कामगार आणि विडी कामगार यांचा निकटचा संबंध राहिला आहे.

## नाव व परिभाषा

मराठीत 'विडी' आणि 'बिडी' ही दोन्ही रूपे वापरात आहेत. पानात गुंडाळलेली वस्तू या अर्थाने हा शब्द 'विडा' या शब्दाशी संबंधित आहे. विडी तयार करण्याच्या क्रियेला 'विडी वळणे' असे म्हणतात. विडीत भरण्यासाठी तयार केलेल्या तंबाखूला 'जर्दा' म्हणतात. वळलेल्या विड्यांच्या जुडीला 'कट्टा' आणि तपासणीत नापास झालेल्या विड्यांना 'छाट' म्हणतात. मजुरी, कर आणि कच्चा माल या तिन्हींचा हिशेब एक हजार विड्यांच्या एककात केला जातो.

विडीचे आवरण मुख्यतः तेंदूच्या पानाचे असते. या झाडाला मराठीत टेंभुर्णी असे नाव असून त्याचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन असे आहे. महाराष्ट्रात तेंदूपाने प्रामुख्याने गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलांतून उन्हाळ्यात गोळा केली जातात. वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा राज्याचा कायदा १९६९ साली झाला आणि तेंदूपानांचा व्यापार त्याच्या कक्षेत आला. ज्या भागांत तेंदू मिळत नाही, तेथे पूर्वी आपटा, पळस अशा झाडांची पानेही घरगुती विडीसाठी वापरली जात.

## सातारा, सांगली व निपाणी पट्टा

विडीच्या तंबाखूचे भारतातील दोन प्रमुख पट्टे मानले जातात. पहिला गुजरातमधील खेडा व आणंद परिसरातील चरोतर भाग, तर दुसरा 'निपाणी पट्टा' होय. निपाणी पट्ट्यात बेळगाव, कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांतील काळ्या जमिनीचा समावेश केला जातो. कृष्णा, वारणा, दूधगंगा व वेदगंगा या नद्यांची खोरी त्यात येतात. आजचा सांगली जिल्हा हा जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व परिसरातील संस्थानांचा प्रदेश मिळून १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव देण्यात आले. त्यामुळे तंबाखूविषयीच्या जुन्या नोंदींत या दोन जिल्ह्यांची माहिती एकत्रच आढळते.

हा तंबाखू पावसाच्या पाण्यावर घेतला जातो. पावसाळ्याच्या आरंभी रोपवाटिका तयार केली जाते, पावसाच्या उत्तरार्धात रोपांची लागण होते आणि हिवाळ्यात काढणी होते. झाडाचा शेंडा खुडून व बगलेतील फुटवे काढून पानांत सत्त्व साठू दिले जाते. काढलेली पाने उन्हात वाळवली जातात. पुढे वखारीत ती कुटून, चाळून आणि शिरा व देठ वेगळे करून जर्दा तयार होतो. निपाणी, तसेच सांगलीच्या शेजारील जयसिंगपूर, ही या व्यापाराची प्रमुख ठिकाणे होत. सिंचनाच्या सोयी वाढल्यानंतर कृष्णा व वारणा खोऱ्यातील बऱ्याच जमिनीत तंबाखूची जागा उसाने घेतली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. तेथील बहुसंख्य शेतकरी व कामगार मराठी भाषक असल्यामुळे आणि तंबाखूचे शिवार दोन्ही बाजूंना पसरलेले असल्यामुळे हा एकच आर्थिक पट्टा दोन राज्यांच्या कायद्यांखाली आला. विडी कामगारांचे किमान वेतन प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. वेतनदरांतील तफावतीमुळे काम कमी दराच्या राज्याकडे वळवले जाण्याची शक्यता असते आणि विडी कामगारांच्या संघटनांनी हा प्रश्न वेळोवेळी मांडला आहे.

## हाताने वळण्याची पद्धत

हातविडीची निर्मिती पुढील टप्प्यांत होते.

* पान भिजवणे : वाळलेल्या तेंदूपानांचे पुडे पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. पान मऊ झाल्याशिवाय ते वळताना तुटते.
* पान कापणे : पत्र्याचा आयताकृती फर्मा पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापतात. जाड शिरा टाळून एका पानातून अधिकाधिक तुकडे काढणे हे कौशल्याचे काम समजले जाते.
* भरणे व वळणे : कापलेला तुकडा डाव्या हातात धरून त्यावर साधारणपणे ०.१५ ते ०.२५ ग्रॅम जर्दा पसरतात आणि एका कोपऱ्यापासून तिरकस वळत नेतात. त्यामुळे विडीला एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला अरुंद असा शंकूसारखा आकार येतो.
* मुडपणे व बांधणे : रुंद टोकाच्या कडा बोटाने किंवा टोकदार साधनाने आत दाबतात. अरुंद टोकाकडे दोरा गुंडाळून गाठ मारतात.
* जुड्या बांधणे : विड्या मोजून, बहुधा पंचवीसच्या संख्येने, त्यांचे कट्टे बांधतात.

यापुढील कामे कारखान्यात किंवा त्याच्या शाखेत होतात. तेथे विड्या तपासल्या जातात, छाट वेगळी केली जाते, उरलेल्या विड्या भट्टीत शेकून त्यांतील ओलावा काढला जातो आणि नंतर वेष्टन व छाप लावला जातो.

कसलेल्या कामगाराला एक हजार विड्या वळण्यास साधारणपणे पूर्ण दिवस लागतो. पान भिजवणे व कापणे यांचा वेळ पुष्कळदा स्वयंपाक व इतर घरकामाच्या मधल्या अवकाशातून काढला जातो आणि तो मजुरीच्या हिशेबात वेगळा धरला जात नाही. घरातील मुली व वृद्ध स्त्रियाही या कामाला हातभार लावतात. परिणामी एका नावावर नोंदलेल्या हजार विड्यांमागे प्रत्यक्षात एकाहून अधिक व्यक्तींचे श्रम असू शकतात.

## यंत्रनिर्मिती

सिगारेट वळण्याचे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील जेम्स बॉनसॅक याने तयार केले. १८८१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. सलग कागदाच्या पट्टीवर तंबाखूची धार सोडायची, पट्टी गोल चिकटवून लांब नळी तयार करायची आणि तिचे समान तुकडे कापायचे, असे त्याचे तत्त्व होते. या यंत्राने सिगारेट वळणाऱ्या कामगारांची जागा अल्पावधीत घेतली. हेच तत्त्व विडीला लावताना मात्र काही अडचणी येतात.

पहिली अडचण पानाची आहे. कागदाची जाडी, रुंदी व ओलावा सर्वत्र समान असतो आणि तो रिळावरून अखंड पुरवता येतो. तेंदूच्या प्रत्येक पानाचा आकार, शिरांची रचना व लवचीकपणा वेगळा असतो. हाताने काम करणारी व्यक्ती पान पाहून फर्मा कुठे ठेवायचा आणि वळताना किती ताण द्यायचा हे ठरवते. यंत्राला हा निर्णय घेता येत नसल्याने पाने आधी निवडून व कापून द्यावी लागतात.

दुसरी अडचण आकाराची आहे. सिगारेट दंडगोलाकार असते, तर विडी निमुळती असते. त्यामुळे लांब नळी करून तिचे तुकडे पाडण्याची पद्धत येथे चालत नाही आणि प्रत्येक विडी स्वतंत्रपणे वळावी लागते. तिसरी अडचण दोऱ्याची आहे. तेंदूचे पान डिंकाने चिकटवण्याऐवजी दोऱ्याने बांधले जाते. लहान, नाजूक व शंकूच्या आकाराच्या वस्तूला वेगाने गाठ मारणे यांत्रिकदृष्ट्या किचकट काम आहे.

या कारणांमुळे विडी उद्योगात यंत्रांचा वापर बहुधा एखाद्या टप्प्यापुरता झाला आहे. तंबाखू कुटणे व चाळणे, विड्या शेकणे, कट्ट्यांना वेष्टन घालणे ही कामे यंत्राने करणे तुलनेने सोपे आहे. पान कापण्याची व वळण्याची यंत्रेही तयार करण्यात आली आहेत. पानाऐवजी कागद वापरला, तर पहिली अडचण पुष्कळशी दूर होते. 'कागदी विडी' हा प्रकार यातूनच पुढे आला असून रचनेच्या दृष्टीने तो सिगारेटच्या अधिक जवळचा आहे.

## दोन प्रकारांतील मुख्य फरक

* आकार व वजन : हातविडीत तंबाखूचे प्रमाण व विडीची घट्टपणे वळण्याची पातळी विडीगणिक थोडी बदलते. यंत्रविडीत ती अधिक समान असते.
* जळणे : सैल वळलेली विडी लवकर जळते, तर फार घट्ट विडीतून धूर ओढणे कठीण जाते. असा फरक हातविडीत अधिक आढळतो.
* कच्चा माल : हात लहान व वेड्यावाकड्या पानांतूनही तुकडे काढू शकतो. यंत्रासाठी निवडक पाने किंवा कागद लागतो.
* भांडवल : हातविडीसाठी कात्री, फर्मा व सूप एवढी साधने पुरतात आणि ती बहुधा कामगाराचीच असतात. यंत्रविडीसाठी इमारत, वीज, यंत्रे व देखभाल यांचा खर्च उत्पादकाला करावा लागतो.
* कामाची जागा : हातविडीचे काम मुख्यतः घरी होते. यंत्रविडीचे काम कारखान्यात होत असल्याने कामाचे तास व हजेरी यांची नोंद ठेवणे सोपे असते.
* रोजगार : समान संख्येच्या विड्यांसाठी यंत्रपद्धतीत बरेच कमी कामगार लागतात.
* नाकारलेला माल : हातविडीत छाटीचा भुर्दंड कामगारावर पडू शकतो. यंत्रविडीत खराब निघालेल्या मालाचा तोटा उत्पादकाचा असतो.

शेवटचा मुद्दा या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. कारखानदार किंवा मध्यस्थ ठरावीक वजनाची पाने व जर्दा देऊन ठरावीक संख्येच्या विड्यांची अपेक्षा ठेवतो. पाने किडलेली किंवा फाटकी निघाली, तर तेवढ्या पानांत संख्या भरत नाही. अशा वेळी कामगाराला कमी मजुरी स्वीकारावी लागते किंवा स्वतःच्या पैशाने पाने विकत घेऊन तूट भरून काढावी लागते.

## चिरुटाशी तुलना

चिरूट, म्हणजेच सिगार, याच्याही बाबतीत हाताने व यंत्राने वळलेला असा भेद केला जातो. 'चेरूट' हा इंग्रजीतील शब्द तमिळ भाषेतून गेला असून तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली व दिंडिगल ही गावे चिरुटासाठी प्रसिद्ध होती.

चिरुटाचे तीन भाग असतात : आतील गाभा, गाभा धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वरचे आवरण. उच्च प्रतीच्या हाताने वळलेल्या चिरुटात हे तिन्ही भाग अखंड तंबाखूच्या पानांचे असतात. यंत्राने तयार होणाऱ्या स्वस्त चिरुटांत गाभ्यासाठी बारीक कापलेला तंबाखू वापरतात. बांधणीसाठी, आणि काही वेळा वरच्या आवरणासाठीही, तंबाखूच्या भुकटीपासून तयार केलेला कागदासारखा पापुद्रा वापरला जातो. असा पापुद्रा रिळावरून पुरवता येत असल्याने यंत्राचा वेग वाढतो. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून चिरूट वळणाऱ्या यंत्रांचा प्रसार झाला आणि हाताने वळण्याचा व्यवसाय तेथे झपाट्याने आकसला.

चिरुटाच्या बाजारात हाताने वळलेला माल महाग आणि यंत्रनिर्मित माल स्वस्त असतो. विडीच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. हातविडी हे भारतातील स्वस्त धूम्रपानसाधनांपैकी एक आहे. हवानातील कारागिराच्या कौशल्यासाठी ग्राहक अधिक किंमत मोजतो. विडी वळणाऱ्या व्यक्तीचे कौशल्य मात्र किमतीत स्वतंत्रपणे मोजले जात नाही. म्हणून हातकामाला चिकटून राहिलेल्या या दोन व्यवसायांची कारणे वेगळी आहेत. चिरुटात हातकाम प्रतिष्ठेमुळे टिकले, तर विडीत स्वस्त श्रम व करसवलत यांमुळे टिकले.

## करआकारणी

केंद्रीय उत्पादन शुल्काच्या व्यवस्थेत यंत्राच्या साहाय्याशिवाय बनवलेल्या विड्या आणि इतर विड्या असे दोन वर्ग करून त्यांना वेगवेगळे दर लावले जात. २०१२-१३ च्या अर्थसंकल्पात हातविडीवरील मूळ शुल्क हजारी ८ रुपयांवरून १० रुपये आणि यंत्रविडीवरील शुल्क हजारी १९ रुपयांवरून २१ रुपये करण्याचे जाहीर झाले. म्हणजे यंत्रविडीवरील दर हातविडीच्या दुपटीहून अधिक होता. वर्षाला २० लाख विड्यांपर्यंतच्या उत्पादनाला हातविडीसाठी असलेली सूटही त्या वेळी कायम ठेवण्यात आली. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात कागदी विडीसाठीही असाच भेद करण्यात आला : हाताने बनवलेल्या कागदी विडीवर हजारी २८ रुपये, तर यंत्राने बनवलेल्या कागदी विडीवर ७८ रुपये.

या धोरणामागे रोजगाररक्षणाचा विचार होता. यंत्रविडी स्वस्त झाली तर लाखो घरखेप कामगारांचे काम जाईल, असा युक्तिवाद उत्पादक व कामगार संघटना या दोघांनीही केला. याउलट सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, कमी करामुळे विडी स्वस्त राहते, तिचा खप टिकतो आणि सवलतीचा लाभ कामगारापेक्षा उत्पादकाला अधिक होतो. मजुरी हजारी दराने दिली जात असल्याने विडीवरील कर कमी झाला म्हणून वळणाऱ्याची मजुरी आपोआप वाढत नाही.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हा विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानांवर १८ टक्के दर ठरवण्यात आला. सिगारेटवर लावलेला भरपाई उपकर विडीवर लावण्यात आला नाही. वस्तू व सेवा कराचा टक्केवारीचा दर हात व यंत्र या दोन्ही प्रकारांना समान होता. त्यामुळे पूर्वीच्या शुल्कातील मोठी तफावत उरली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील दर १८ टक्के व तेंदूपानांवरील दर ५ टक्के करण्याची शिफारस केली.

## कायदे व कल्याणयोजना

विडी व चिरूट कामगार (सेवेच्या शर्ती) अधिनियम हा कायदा १९६६ साली संसदेने मंजूर केला. त्याचे एक वैशिष्ट्य असे की, विजेच्या साहाय्याने किंवा त्याविना, जेथे विडी अथवा चिरूट निर्मितीची प्रक्रिया चालते अशा जागा त्याने आपल्या कक्षेत घेतल्या. कच्चा माल घेऊन घरी विडी वळणाऱ्या व्यक्तीलाही त्याने कर्मचारी मानले. माल मध्यस्थामार्फत दिला, तरी मूळ उत्पादकाची जबाबदारी टळत नाही, ही भूमिकाही त्यात होती. कच्च्या मालाचे वाटप, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी यांवरून होणाऱ्या वादांचा या कायद्यात स्वतंत्र उल्लेख होता. उत्पादकांनी या कायद्याला आव्हान दिले होते. १९७४ साली मंगळूर गणेश बिडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

१९७६ साली विडी कामगार कल्याण उपकर आणि विडी कामगार कल्याण निधी यांविषयीचे दोन कायदे झाले. विड्यांवर हजारी दराने गोळा होणाऱ्या उपकरातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीसाठी साहाय्य अशा योजना चालवल्या गेल्या. वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. त्यानंतर योजनांचा खर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पातून केला जाऊ लागला. या योजनांसाठी विडी कामगाराचे ओळखपत्र आवश्यक असते. उत्पादकाने कामगाराची नोंद केली नसेल, तर ओळखपत्र मिळवणे कठीण जाते.

विडी बनवणे ही प्रक्रिया १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या अनुसूचीत होती. तथापि कुटुंबाच्या साहाय्याने चालणाऱ्या कामाला त्या कायद्यात अपवाद असल्यामुळे घरातील मुलांच्या श्रमांवर परिणामकारक बंदी आली नाही. २०१६ च्या दुरुस्तीने हा अपवाद धोकादायक नसलेल्या कामांपुरता मर्यादित केला. १९६६ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या नोंदींनुसार देशात सुमारे ५० लाख विडी कामगार असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. महाराष्ट्रात सोलापूर, अहिल्यानगर (अहमदनगर), सिन्नर, संगमनेर व गोंदिया ही विडी उद्योगाची परिचित केंद्रे आहेत. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी १० हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार चळवळीतून हा प्रकल्प आकाराला आला.

## निपाणी परिसरातील आंदोलने

१९८० च्या सुमारास निपाणीतील तंबाखू वखारींतील स्त्रिया व विडी कामगार सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या. वखारीत तंबाखूच्या धुळीत दिवसभर चाळण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा व वागणुकीचा प्रश्न या लढ्याने पुढे आणला. 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ साली 'तंबाकू चाकीला ऊब आली' हा माहितीपट या स्त्रियांवर तयार केला. दीपा धनराज या गटाच्या संस्थापकांपैकी होत.

१९८१ साली मार्च व एप्रिल महिन्यांत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणी येथे पुणे–बंगळूर महामार्गावर रास्ता रोको आंदोलन केले. व्यापाऱ्यांकडून मिळणाऱ्या अपुऱ्या भावाविरुद्ध हे आंदोलन होते. ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले.

या दोन लढ्यांतून विडीच्या किमतीतील वाटपाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी समोर आला. विडी स्वस्त ठेवायची, तर पानाचा, तंबाखूचा किंवा श्रमाचा खर्च कमी ठेवावा लागतो. हाताने वळण्याच्या पद्धतीत यंत्राचा खर्च नसल्यामुळे हा दबाव मुख्यतः शेतकरी आणि कामगार यांच्यावर येतो.

## आरोग्यावरील परिणाम

हाताने वळलेली विडी नैसर्गिक पानाची असल्याने ती सिगारेटपेक्षा कमी घातक असते, असा समज आढळतो. त्याला वैज्ञानिक आधार नाही. विडीत तंबाखू कमी असला, तरी तेंदूचे पान कागदाइतके सच्छिद्र नसते आणि विडी विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साईड यांचे शरीरात जाणारे प्रमाण कमी राहत नाही. विडीच्या धूम्रपानाचा तोंड, घसा, अन्ननलिका व फुप्फुसे यांच्या कर्करोगाशी, तसेच हृदयविकार व श्वसनविकारांशी संबंध सिद्ध झाला आहे. हाताने वळलेली व यंत्रनिर्मित विडी यांत या बाबतीत सुरक्षित असा कोणताही प्रकार नाही. १ एप्रिल २०१६ पासून विडीसह तंबाखूच्या वेष्टनांवर ८५ टक्के भागात चित्रमय इशारा छापणे बंधनकारक आहे.

उत्पादनपद्धतीचा फरक कामगाराच्या आरोग्यात मात्र दिसतो. हाताने वळणाऱ्या व्यक्तीच्या त्वचेतून निकोटिन शोषले जाते आणि तंबाखूची धूळ श्वासावाटे आत जाते. एकाच बैठकीत तासन् तास वाकून काम केल्याने पाठ, मान व बोटांचे दुखणे जडते. काम घरात होत असल्याने जर्दा राहत्या खोलीतच साठवला जातो आणि लहान मुलेही त्या धुळीच्या संपर्कात येतात. कारखान्यात धूळ शोषणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती करता येते. घरात तशी तरतूद करणे व तिची तपासणी करणे कठीण असते.

## सद्यस्थिती

विडीच्या यांत्रिकीकरणाचा प्रश्न आता केवळ यंत्राच्या क्षमतेचा राहिलेला नाही. तंबाखू नियंत्रणाच्या धोरणामुळे विडीचा खप कमी व्हावा, हे शासनाचे घोषित उद्दिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात भारत सहभागी असून तंबाखूवर अवलंबून असलेले शेतकरी व कामगार यांना पर्यायी उपजीविका मिळवून देण्याची अपेक्षा त्या करारात आहे. त्या दिशेने विडी कामगारांसाठी कौशल्यप्रशिक्षणाच्या योजना राबवल्या गेल्या आहेत. पण घरी बसून, घरकाम सांभाळून आणि भांडवलाविना करता येईल असे दुसरे काम मिळणे अवघड असल्याने अनेक स्त्रिया याच कामात राहतात.

सातारा व सांगली भागातील तंबाखू उत्पादकांना ऊस, हळद, द्राक्षे व सोयाबीन असे पर्याय उपलब्ध झाले आहेत. पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्याला पीक बदलणे शक्य होते, कोरडवाहू शेतकऱ्याला ते तितके सोपे नसते. विडी वळणाऱ्या भूमिहीन कामगाराकडे बदलण्यासाठी पीकही नसते. त्यामुळे हातविडीला मिळालेल्या सवलतींचे मूल्यमापन करताना किती रोजगार टिकला याबरोबरच त्या रोजगारातून मिळणारी मजुरी, नोंदणी व आरोग्यसंरक्षण यांचाही विचार केला जातो.